इथला उन्हाळा

(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या चैत्रमेळाव्यात केलेले भाषण)



चैत्रगौरीपुढची आंबेडाळ आणि पन्हे पोटात गेल्यावर कोणालाही भाषण ऐकण्याची शिक्षा होऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. तथापि स्मरणिका समितीने माझ्यावर एक काम सोपविले आहे, आणि ते पार पाडल्याखेरीज समितीचे चिटणीस मला दाराबाहेर जाऊ देणार नाहीत. काम असे की, येत्या दोन महिन्यांत आपण सर्वांनी या शहरातील उन्हाळ्याचा आस्वाद घ्यावा आणि घेतलेल्या आस्वादावर दोन दोन पाने लिहून द्यावीत, अशी गळ मी आपणांस घालावी. आस्वाद आणि उन्हाळा हे दोन शब्द कलकत्त्याच्या संदर्भात एका वाक्यात आलेले पाहून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मला येथून दिसते आहे. (शहराचे नाव २००१ सालापासून अधिकृतपणे कोलकाता झाले, बंगाली माणूस तर ते पूर्वीपासूनच तसे म्हणत आला आहे. माझ्या जिभेला कलकत्त्याचे वळण पडले आहे, तेवढी मुभा असावी.)

या कामाची तयारी म्हणून मी मंडळाची ती हिरवी ट्रंक उघडली. पन्नास वर्षांचे वार्षिक अंक तिच्यात आहेत. काहींना कसर लागली आहे, काहींची मुखपृष्ठे गळाली आहेत. चार संध्याकाळी मी ते चाळले. उन्हाळ्यावर आपल्या सभासदांनी भरपूर लिहिले आहे. आजोळची आमराई आहे, अंगणातील मांडव आहे, नदीच्या डोहातील पोहणे आहे, रातांब्यांचे सरबत आहे, एस. टी.च्या टपावर चढविलेल्या वळकट्या आहेत. त्यांतले काही लेख खरोखरच सुंदर आहेत. एका बालमित्राने 'मामाच्या गावची मजा' असा निबंध लिहिला आहे. त्यात बैलगाडी आहे, चिंचेचे बन आहे, विहिरीवरची मोट आहे. त्या बालमित्राचे मामा तेव्हा त्याच्या घरापासून चार थांब्यांवर, बेहाल्याला, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. ते बालमित्र आज मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि याच सभागृहात बसले आहेत, म्हणून नाव सांगत नाही.

जे मला सापडले नाही ते सांगतो. इतक्या अंकांत या शहरातील उन्हाळ्यावर एकही लेख नाही. कालबैशाखीचे वादळ नाही, हिमसागर आंबा नाही, पंचवीस बैशाख नाही, संध्याकाळची गंगा नाही. जणू काय पन्नास वर्षे दर वैशाखात आपण सारे सहकुटुंब या शहरातून अंतर्धान पावत होतो. वस्तुस्थिती काय आहे, हे आपण जाणतो. सुरुवातीची काही वर्षे अनेक कुटुंबे मे महिन्यात गावी जात. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारी गाडी सुटली की मंडळ रिकामे होई. पण सगळ्यांना ते कधीच जमले नाही. पाच माणसांची तिकिटे म्हणजे काही घरांत दोन महिन्यांचा किराणा होता. पुढे आजोळची माणसे गेली, वाटण्या झाल्या, घरे पडली किंवा विकली गेली. आज आपल्यापैकी बहुतेकांचा वैशाख येथेच जातो. लेखणी मात्र अजून गावाला जाते.

यात दोष कोणाचा, याचा शोध मला लांब जाऊन घ्यावा लागला नाही. १९८६ साली वार्षिक अंकाचे संपादन माझ्याकडे होते. वय तिशीचे, आणि वाङ्मयाविषयी मते फार पक्की. माझी आई त्या वर्षी मंडळासाठी प्रथमच काही लिहायला बसली. शाळेच्या वहीची दोन पाने, निळ्या शाईत, दोन्ही अंगांनी भरलेली. विषय होता गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि अवचित आलेली कालबैशाखी. मी ती वाचली, आणि संपादकाच्या गांभीर्याने म्हणालो, "आई, हे तर रोजचेच आहे. यात वाचकाला काय मिळणार? तू माहेरच्या आमराईवर का लिहीत नाहीस?" आई म्हणाली, "बरं, तसं लिहिते." तिने माहेरच्या आमराईवर लिहिले. ते छापले गेले, लोकांना आवडले, अध्यक्षांनी तिचे कौतुक केले. ती दोन पाने कोठे गेली, ते मला ठाऊक नाही. आई २००३ साली गेली. तिची ट्रंक, तिची पोथी, तिच्या पाककृतींची वही, सगळे मी अनेकदा पाहिले आहे. पाने त्यांत नाहीत.

माहेरची ती आमराई आईने सोळाव्या वर्षी सोडली होती. या शहरातील उन्हाळे तिने चाळीसहून अधिक काढले.

म्हणून आज मी येथे उभा आहे. आता कालबैशाखीविषयीच बोलतो. एक तर तिचे ऋण माझ्यावर आहे. दुसरे, या शहराच्या उन्हाळ्यात तिच्यासारखी दुसरी चीज नाही.

आपल्याकडे वळीव येतो, त्याची ही थोरली बहीण. छोटा नागपूरचे पठार दिवसभर तापते. बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत येत असतात, आणि त्यांच्यावर, वरच्या थरात, पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा असते. या तिघांची गाठ पडली की दुपारनंतर वायव्येला काळे मेघ उभे राहतात आणि पूर्वेकडे, म्हणजे आपल्या दिशेने, चालून येतात. वायव्येकडून येते म्हणून इंग्रज तिला नॉर्वेस्टर म्हणत. बंगाली माणूस वैशाखातील काळ म्हणतो. मार्चपासून मेअखेरपर्यंत तिचा मोसम. हे झाले शास्त्र. अनुभव असा की, चार वाजेपर्यंत पान हलत नाही, अंगावरचा सदरा पाठीला चिकटलेला असतो, कावळे चोची उघड्या टाकून कठड्यावर बसलेले असतात. मग एकाएकी उजेडाचा रंग बदलतो. प्रथम पिवळसर, मग शिशासारखा. आणि मग वारा! ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाचा वारा या दिवसांत नवलाचा नाही. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकापाठोपाठ एक आपटतात. कोणाची लुंगी, कोणाचे वर्तमानपत्र, कोणाच्या दुकानाची ताडपत्री आभाळात जाते. टपोरे थेंब, कधी गारा, आणि अर्ध्या तासात पारा आठ-दहा अंशांनी खाली. ज्याने हे एकदा गच्चीवर उभे राहून पाहिले, त्याला उन्हाळी मौजेसाठी तिकीट काढण्याचे कारण उरत नाही.

आणि गच्ची म्हणजे कलकत्त्याच्या उन्हाळ्याचे खरे अंगण. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका बाजूला आईचे पापड, कुरडया, सांडगे. दुसऱ्या बाजूला शेजारच्या मासीमांचे आमसत्त, म्हणजे आपली आंबापोळी, आणि कासुंदीच्या बरण्या. कासुंदी ही मोहरीची चटणी. ती घालण्याचा जुन्या घरांतील मुहूर्त अक्षय्यतृतीयेचा, म्हणजे आपली चैत्रगौर ज्या दिवशी उठते तोच. मी लहानपणी दोन्ही बाजूंचा राखणदार होतो, आणि दोन्ही बाजूंना चोरीही करीत असे. वादळ आले की दोघी धावत. आईच्या हाती जे लागेल ते ती उचलत असे. पापड कोणाचे आणि आमसत्त कोणाचे, हे पाहायला वेळ नसे. मग जिन्यात बसून वाटणी. त्यावेळी दोघींच्या भाषा निरनिराळ्या होत्या, पण वाटणीत कधी चूक झालेली मला आठवत नाही.

कालबैशाखीत झाडाखाली पडलेल्या कैऱ्या वेचणे हा बंगाली मुलांचा हक्काचा खेळ. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' ही कादंबरी १९२९ साली ग्रंथरूपाने आली. सत्यजित राय यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट आपण १९५५ पासून पाहत आलो आहोत. पण तिच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ते आहे 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. त्या आवृत्तीची चित्रे काढता काढताच राय यांच्या मनात चित्रपटाचे बीज पडले. कोयीची पिपाणी कोकणातील मुलांनीही वाजविली आहे. ती आपल्या अंकांतही आहे. फक्त ती कायम रत्नागिरीतच वाजते!

आता फळांकडे वळतो. हापूसचा प्रश्न मी मुद्दामच काढणार नाही. मंडळात सरळ दोन तट पडतील आणि सुवर्णमहोत्सव बाजूला राहील. एवढेच म्हणतो की हिमसागर हा आंबा त्याच्या स्वतःच्या नावाने खावा, हापूसची बदली म्हणून खाऊ नये. पिकला तरी त्याची साल हिरवटच राहते, त्यामुळे नवखा मनुष्य त्याला कच्चा समजून पुढे जातो. आत धाग्याचा लेश नाही. त्याचे दिवस मोजके: मेच्या मध्यापासून जूनपर्यंत, की संपला. मग लंगडा, आणि पावसाच्या तोंडावर मालद्याचा थोराड फजली. जमाईषष्ठीच्या दिवशी, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, बाजारात आंब्याचा भाव काय असतो ते जावयांनी विचारू नये, सासऱ्यांनी सांगू नये. आपल्याकडे जावयाचा मान अधिक मासाची वाट पाहतो. येथे तो दरवर्षी येतो. आपल्या मंडळातील ज्या मुली बंगाली घरांत गेल्या, त्यांच्या वडिलांनी या विषयावर लिहायला काय हरकत आहे? एक बाजू मराठी, एक बंगाली, मध्ये इलिश माशाचे तुकडे वाढलेले ताट आणि समोर शाकाहारी सासरे. मजकूर आपोआप तयार आहे.

ताडगोळे आपल्याला मुंबईमुळे माहीत. येथे त्यांना तालशाँस म्हणतात. सियालदाच्या दक्षिणेकडील लोकलने सकाळी ताडफळांचे घड येतात, आणि विक्रेता पदपथावर उकिडवा बसून कोयत्याच्या दोन-तीन घावांत फळ उघडतो. एका फळात बहुधा तीन गोळे. त्याची बोटे आणि पाते यांत जे अंतर असते, ते पाहण्यासारखे आहे; पाहवत नाही, हेही खरे. या गोळ्याचा घाट आणि आतले पाणी यांची नक्कल करून चंदननगरच्या सूर्य मोदकांनी जलभरा संदेश केला, ज्यात दात लागताच गुलाबपाण्याचा पाक सुटतो. तेच ताडफळ झाडावर राहिले तर भाद्रपदात पिकते आणि त्याचे वडे जन्माष्टमीला होतात. एका झाडाची ही दोन ऋतूंची हकिकत एका लेखाला पुरे आहे.

पन्ह्याविषयी मात्र मी थोडा हट्टी आहे. आपण कैरी बहुधा उकडतो, गूळ-वेलची घालतो. बंगाली घरांत ती निखाऱ्यावर किंवा आता गॅसच्या ज्योतीवर काळी होईपर्यंत भाजतात; भाजलेले जिरे, काळे मीठ, साखर. त्याचे नाव आमपोडा शरबत. विदर्भातील मंडळी म्हणतील की आम्हीही भाजतो. खरे आहे. धुराचा तो वास उकडलेल्या पन्ह्याला येत नाही, हे मी आईच्या हयातीत कधी बोललो नव्हतो, आज बोलतो. तसेच पांताभात. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी कांदा, मिरची आणि मोहरीच्या तेलाच्या थेंबाबरोबर खातात. कोकणात पेज, देशावर आंबील, तेच शहाणपण. कॉलेज स्क्वेअरच्या कडेला १९१८ सालापासून चालू असलेले 'पॅरामाउंट' हे सरबताचे दुकान आहे. त्याचे शहाळ्याचे सरबत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या सूचनेवरून झाले, असे सांगतात. पुस्तके घेऊन झाल्यावर तेथे बसावे.

झाडांविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळल्यावर लाज वाटली. मे महिन्यात आपल्या रस्त्यांच्या कडेला एक झाड जांभळ्या फुलांच्या तुऱ्यांनी भरून जाते. येथे त्याला जारुल म्हणतात. तीस-पस्तीस वर्षे मी त्याच्याखालून कचेरीला गेलो. ते आपले ताम्हण आहे. महाराष्ट्राचे राज्यपुष्प! आपण दरवर्षी एक मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा करतो, भिंतीवर नकाशा लावतो, आणि राज्यपुष्प दाराबाहेर फुललेले असताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. गुलमोहराला येथे कृष्णचूडा म्हणतात, पिवळ्या सोनमोहराला राधाचूडा. दोघे शेजारी शेजारी फुलतात, तेव्हा ही नावे ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते. बहाव्याच्या लांब शेंगांमुळे त्याचे नाव मात्र बांदरलाठी, माकडाची काठी! संध्याकाळी रस्त्यात बेलफुलांचे गजरे विकायला येतात, तो मोगराच.

शिबपूरच्या वनस्पती उद्यानाविषयी लांबण लावत नाही. ते १७८७ सालचे. तेथील प्रचंड वटवृक्ष सर्वांनी पाहिला आहे. त्याचे मूळ खोड बुरशीने सडले म्हणून १९२५ साली काढून टाकले, आणि झाड पारंब्यांवर वाढतच राहिले. यावरून परप्रांतातील मराठी माणसाला दृष्टांत देण्याचा मोह आपल्या व्यासपीठावर अनेकांना झाला आहे, मी टाळतो. मात्र २० मे २०२० रोजी अंफान वादळाने त्या उद्यानातील शेकडो झाडे पाडली, या वडालाही इजा केली. त्या रात्री आपण कोठे होतो, खिडकीला काय लावले होते, पाणी-वीज किती दिवसांनी आली, हे कोणी लिहिले आहे का? प्राणिसंग्रहालय, संग्रहालय, व्हिक्टोरिया मेमोरियल यांची माहिती छापील पुस्तिकांत मिळते. ती पुन्हा उतरून काढू नका. दार्जिलिंगला, दिघ्याला, पुरीला जरूर जा. पण त्या गर्दीचे वर्णन करताना बर्फाच्छादित शिखरांना सोन्याचा मुलामा देऊ नका, एवढी विनंती. तो मुलामा आपल्या अंकांत बऱ्याच वेळा देऊन झाला आहे.

त्यापेक्षा बाबूघाटावरून किंवा बागबाजारहून संध्याकाळच्या फेरीत बसा. काही रुपयांचे तिकीट. दिवसभर न आलेला वारा नदीच्या मध्यावर येतो. प्रिन्सेप घाटाची खांबांची वास्तू आपण छायाचित्रासाठी वापरतो. ज्या जेम्स प्रिन्सेपच्या नावाने ती आहे, त्याने अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली, हे मुलांना सांगा. माझे वडील या फेरीत बसून पलीकडे जात आणि न उतरता त्याच फेरीने परत येत. विचारले तर म्हणत, "महाबळेश्वर झाले."

पंचवीस बैशाख. रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ चा. बंगाली पंचांगाने तो दिवस दर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. जोडासाँकोच्या ठाकूरवाडीत पहाटेपासून रीघ लागते. पण मला खरी गोडी वाटते ती पाड्यापाड्यांतील छोट्या समारंभांची. भाड्याच्या सतरंज्या, एक पेटी, टेबलावर चंदनाचे गंध लावलेली तसबीर, आणि घामाने निथळणारी, कविता विसरणारी मुले. एवढ्या उकाड्यात, भर वैशाखात, गाणे ऐकायला जमणारा समाज दुसरीकडे कोठे आहे, मला माहीत नाही. आपली मुलेही त्यांत गातात आणि घरी येऊन मंडळाच्या अंकासाठी बैलगाडीवर निबंध लिहितात.

या घराण्याचा आणि आपला संबंध जुना आहे. रवींद्रनाथांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय. सी. एस. अधिकारी; त्यांची बरीचशी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ते कारवारला न्यायाधीश असताना रवींद्रनाथ १८८३ साली तेथे जाऊन राहिले होते. त्याआधी, १८७८ साली, विलायतेला जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले. सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, आणि आपल्या मुलखाविषयी 'बोम्बाइ चित्र' नावाचे पुस्तक लिहिले. परमुलखात नोकरीला गेलेल्या बंगाली माणसाने बंगाली वाचकाला आपला मुलूख दाखविला, त्याला आता शंभरावर वर्षे झाली.

उलट दिशेने काय झाले? १७४२ सालच्या एप्रिलात, म्हणजे याच दिवसांत, भास्करराम कोल्हटकर वर्धमानपर्यंत आले, आणि पुढची काही वर्षे बंगाली माणसाला मराठ्यांची जी ओळख झाली ती येथील अंगाईगीतांत अजून आहे. आईला मासीमांच्या नातीसाठी गायलेले ते गीत प्रथम समजले, त्या दिवशी ती फार ओशाळली होती. कलकत्तेकरांनी आपल्या भीतीने खणलेला मराठा खंदक पुढे बुजवून त्याचा रस्ता झाला; आपल्यापैकी किती जण रोज त्यावरून जातात! दीडशे वर्षांनी मात्र सखाराम गणेश देऊस्कर झाले. मराठी घराण्यात, देवघरजवळ, १८६९ साली जन्मले आणि बंगालीत लिहिले. त्यांचे 'देशेर कथा' १९०४ साली आले, आणि १९१० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली. त्यांच्याच प्रेरणेने रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता झाली. देऊस्करांनी या भूमीचे दुःख या भूमीच्या भाषेत लिहिले. आपल्याकडे मागणे त्याहून पुष्कळ कमी आहे: या भूमीतला उन्हाळा आपल्या भाषेत.

कसे लिहावे, याविषयी उपदेश करण्याचा अधिकार मी १९८६ सालीच गमावला आहे. तरी अनुभवाचे दोन शब्द. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला असेल, त्यांना आठवेल की १८५७ च्या धामधुमीत सापडलेला हा वरसईचा भिक्षुक लढाईइतक्याच मन लावून घरगुती बारकावे सांगतो, आणि म्हणूनच तो आपल्याला खरा वाटतो. आपणही तारीख घाला. पहिली कालबैशाखी कोणत्या दिवशी आली, हिमसागर कोणत्या भावाने घेतला, हे मांडून ठेवा; आज क्षुल्लक वाटणारे हे आकडे वीस वर्षांनी वाचकाला धरून ठेवतात. झाडाचे, फळाचे, माशाचे इथले नाव विचारा आणि तेच लिहा. मराठी पर्याय ठाऊक असेल तर जोडीला द्या, नसेल तर ओढूनताणून करू नका. प्रत्येक वाक्यात 'आपल्याकडे मात्र' आणू नका. मी आज ते किती वेळा आणले हे आपण मोजले असेलच.

आणि सारे गोड लिहू नका. घामोळ्यांनी रात्रभर रडणारे मूल, नळाला न येणारे पाणी, पूर्वीच्या काळचे ते तासन्‌तास वीज जाणे, हेही उन्हाळ्यातच येते. ३० एप्रिल २०२४ रोजी अलीपूरला पारा ४३ अंशांवर गेला. त्या दिवशी वातानुकूलित खोलीत बसून मी जे आमपोडा शरबत प्यालो, त्याच्या कैऱ्या ज्याने हातगाडीवरून आणून दिल्या त्याचा उन्हाळा वेगळा होता. मौज कोणाच्या जिवावर चालते, हे मौजेच्या लेखात आले तर लेख बिघडत नाही.

एक शेवटची हकिकत सांगून थांबतो. मासीमा अजून आहेत. नव्वदीच्या घरात, मुलाकडे, गडियाहाटजवळ. गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा या भाषणाचा विषय निघाला. मी त्या दोन पानांविषयी बोललो. त्या म्हणाल्या, "ती मला माहीत आहेत. तुला देण्याआधी तुझ्या आईने मला वाचून दाखविली होती." आईने जिन्यात बसून, मराठी वाक्य वाचायचे आणि आपल्या मोडक्या बंगालीत अर्थ सांगायचा, असे करीत दोन्ही पाने त्यांना ऐकविली होती. बाकीचे त्या विसरल्या आहेत. एक वाक्य त्यांना आठवते. आईने लिहिले होते की, वादळ आले तेव्हा मी गच्चीकडे धावताना ओरडले, पण कोणत्या भाषेत ओरडले ते मला स्वतःला सांगता येणार नाही.

ते वाक्य मी स्मरणिका समितीकडे लिहून दिले आहे. ते आईच्या नावाने छापावे.

लेख ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत चिटणिसांकडे द्यावेत. कागदाच्या एका बाजूला लिहिलेले असावेत. बाहेर मेजावर दोन पातेली ठेवली आहेत: डावीकडे पन्हे, उजवीकडे आमपोडा शरबत. पेले कमी आहेत, तेव्हा मुलांना आधी जाऊ द्यावे.